बुरा आलेला ढीग

नवरा गेल्यापासून घरात आवाज करतो तो एक कुकर. म्हणून शेतीच्या प्रशिक्षणाला उंद्रीला गेले, तेव्हा शिकण्यापेक्षा चार माणसांत बसायची हौसच जास्त होती. तिथल्या साहेबांनी मात्र एक गोष्ट डोक्यात भरवली. रॉक फॉस्फेटच्या भुकटीत स्फुरद असतं, पण ते दगडात अडकलेलं, पिकाला उचलता येत नाही. काळी बुरशी आम्ल सोडते आणि ते मोकळं करते.

यंदा तुरीला हेच खत घालायचं, असं मी ठरवून टाकलं. अंगणात मळणीतून उरलेलं सोयाबीनचं कुटार, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा चुरा आणि शेण यांचा ढीग लावला, भुकटी मिसळली, प्रशिक्षणात मिळालेल्या पुडीतली बुरशी पाण्यात कालवून ओतली, वर ओलं गोणपाट टाकलं. सकाळ-संध्याकाळ आत हात घालून ऊब बघायचे. घरात तेवढंच काहीतरी जिवंत वाटायचं.

मग डोळे दाखवायला मलकापूरला भावाकडे दोन दिवस राहावं लागलं. भिंतीपलीकडच्या थोरल्या जावेला पाणी शिंपायला सांगितलं. वाटणीनंतर तिनं माझ्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, तरी हो म्हणाली.

परत आले तर ढीग गायब! कुरड्या घालाव्यात तसं सगळं अंगणभर पातळ पसरलेलं, कडकडीत वाळलेलं. जाऊ दारातच उभी, घामाघूम, पण खूश.

"अवं, पुऱ्या ढिगाले काळा बुरा आला होता. सडलं असतं ना सारं! एकटीनं उपसून ऊन दाखवलं म्या."

आमच्याकडे पापडाला बुरा दिसला की बाई आधी ऊन शोधते. तिचं काय चुकलं? मला हसूच फुटलं.

"अवो बाई, तो बुराच तं पायजे होता मले!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मले काय ठाऊक," म्हणाली आणि निघून गेली. तिच्यासाठी चहाचं आधण ठेवायला निघाले होते, ते राहूनच गेलं.

पेरणीला अवकाश होता. दुसरा ढीग लावला. चष्मा आणायला पुन्हा मलकापूरला निघाले, तेव्हा भिंतीवरून म्हटलं, "पानी शिंपजा हो." "हाव," एवढंच आलं. फाटकाची कडी मी मुद्दाम काढून ठेवली.

आले तेव्हा गोणपाट ओलं होतं. खाली बुरशी कशी दाट, काळीभोर! भिंतीवर पाण्याचा ओघळ होता. तिनं पलीकडूनच नळीनं पाणी मारलं होतं.

खत झकास झालं. पण त्या दिवशी मला तो ढीग पुन्हा अंगणभर पसरलेला हवा होता.