मितालीनं टाकलेलं वय

तळवलीतली निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. त्यांच्या आयांना विचारलं असतं तर कोणी होळीचा निघाला असता, कोणी भातकापणीचा, कोणी नारळी पुनवेच्या आदल्या दिवसाचा. पण कागदावर सगळे एक जूनचे. झालं होतं असं, की गावच्या शेतांवर कारखाने आले तेव्हा जमीन गेलेल्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी द्यायचं एका केमिकल कंपनीनं कबूल केलं. अट एवढीच, वय पंचविशीच्या आत हवं. जयदेव आणि त्याचा जिगरी दोस्त बाळाराम तेव्हा तिशीला टेकलेले होते. मग शाळेच्या गुरुजींनी, देव त्यांचं भलं करो, सगळ्यांच्याच दाखल्यांवर सात-आठ वर्षं कमी केली. साहेबांनाही ते ठाऊक होतं असं गाव म्हणतं. जमीन घेताना त्यांनी सातबारा डोळ्यांत तेल घालून तपासला होता, दाखले मात्र कोणी नीट उलगडूनही पाहिले नाहीत.

तेव्हापासून जयदेव कागदावर आपल्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान झाला. दर भाऊबीजेला ती ओवाळून झाली की म्हणायची, आता तूच माझ्या पाया पड. सगळं घर हसायचं. जयदेव कंपनीतून निवृत्त झाला तेव्हा खरं तर तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता, आणि शेवटच्या वर्षी जिना चढताना त्याला दम लागायचा. पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

या जयदेवची सून मिताली. माहेर कोपरखैरण्याचं, शिक्षण बी.कॉम., जीभ जरा तिखट. लग्नात सासूनं, कमळीनं, तिला विचारलं होतं, मासे साफ करता येतात का? तर ही म्हणाली, खाता येतात. त्यावरून पहिलं वर्षभर घरात तोंडं फुगलेली होती. पण मुलगी मनाची साफ होती आणि कामाला वाघ. वाशीकडच्या एका खासगी हॉस्पिटलात ॲडमिशनच्या काउंटरवर ती कामाला लागली आणि बघता बघता सगळ्या गावाची तिथली ओळख झाली. कुणाचा हात मोडो, कुणाची सून अडो, फोन मितालीला. जयदेवच्या कंपनीनं निवृत्त कामगारांना दिलेलं मेडिकल कार्ड त्याच हॉस्पिटलात चालायचं, त्यामुळे गावातले जुने कामगारही तिच्याच खिडकीशी यायचे. बाळारामच्या बायकोचं डायलिसिस त्या कार्डावरच सुरू होतं. बाळाराम तिला घेऊन आला की मितालीसाठी न चुकता शेवेचा लाडू आणायचा.

मग करोना आला आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये एक नवीन गोष्ट आली. आलेल्या पेशंटचं वय टाकायचं, ऑक्सिजन किती, श्वास किती वेगानं चाललाय, शुद्ध आहे की नाही, जुने आजार कोणते ते टाकायचं, तासाभरात रक्ताचे रिपोर्ट आले की तेही भरायचे. सगळं भरलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात रंग उमटायचा. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. हा माणूस इथून उठून घरी जाण्याची शक्यता किती, याचा तो रंग. लालवाल्यांना वरच्या मजल्यावर, जिथे डॉक्टर सतत डोळ्यांसमोर. पिवळे खालच्या जनरल वॉर्डात, जिथे दोन सिस्टर आणि भरून वाहणाऱ्या खाटा.

डॉक्टर उत्कर्षा मॅडम साताऱ्याकडच्या, शांत बाई. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं, "हे भविष्य नाही हं. अशा शंभर माणसांचं काय होतं ते कळतं. त्यातला हा एक कुठला, ते नाही कळत." मितालीला ते पटलं होतं, आणि तिनं पाहिलंही होतं. लाल रंगाचा एक रिक्षावाला आठवड्यात पेढे वाटून गेला, आणि पिवळ्या रंगाची एक तरुण बाई गेली. तरी सवय लागायची ती लागलीच. माणूस खिडकीशी आला की ती आधी कोपऱ्यातला रंग बघायची आणि मग त्याच्या तोंडाकडे. हे तिला स्वतःला मुळीच आवडत नव्हतं. घरी जाताना त्याचा विचार आला की तिला भरून यायचं.

पहिल्या वर्षीच्या गणपतीनंतर जयदेव आजारी पडला. दीपेशनं, म्हणजे मितालीच्या नवऱ्यानं, त्याला रिक्षात घालून आणलं तेव्हा तो बोलताना मध्ये थांबत होता. मितालीनं खिडकीतून पाहिलं आणि लगेच त्याच्या नावाचा फॉर्म उघडला.

"कार्डाव हाय तोच टाक," व्हीलचेअरवरून जयदेव म्हणाला. त्याला काय सांगायचंय ते तिला बरोबर कळलं.

"हो बाबा. तुम्ही बोलू नका आता."

तिनं कार्डावरचं वय टाकलं. रिपोर्ट आले, ते भरले. कोपरा पिवळा झाला. तिनं आकडा पाहिला, तर लालच्या अगदी कडेवर. खाली जनरल वॉर्डात त्या दिवशी एका खाटेला हाक मारायची तर चार वेळा मारावी लागत होती, हे तिला माहीत होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, वय खोडलं आणि सासऱ्याचं खरं वय टाकलं. कोपरा लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला लाल रंग बघून हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण वरच्या मजल्यावर तेव्हा एकच खाट रिकामी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जयदेवचा ऑक्सिजन एकदम घसरला. समोरच डॉक्टर होते, मशीन होतं, पाच मिनिटांत त्याला मशीनवर घेतलं. तो वाचला. उत्कर्षा मॅडम नंतर मितालीला म्हणाल्या, "खाली असते तर कळायलाच उशीर झाला असता. निदान मला तसं वाटतं."

जयदेव घरी आला, मितालीनं त्याला खरं काय ते सांगितलं. आधी तो रागावला. मग हसायला लागला. मग देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, की माझ्या सुनेनं माझं खरं वय टाकलं म्हनून मी हाय, नायतर पिवला होऊन खाली मेलो असतो. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. बाळाराम त्याला दोनदा म्हणाला, जयदेवा, गप बस जरा. पण ऐकेल तो जयदेव कसला?

गावात कोणी चुगली केली नाही. तशी गरजच पडली नाही. हॉस्पिटलचं बिल कंपनीकडे गेलं आणि तिथल्या कुणा हुशार पोरानं दोन वयं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आधी जयदेवचं कार्ड बंद झालं. मग त्याच वेळी लागलेल्या, एकाच तारखेला जन्मलेल्या सगळ्या तळवलीकरांना वयाचा पुरावा मागितला गेला. ज्यांचा फरक सिद्ध झाला त्यांची कार्डं गेली. बाकीच्यांची चौकशी लोंबकळत राहिली. त्यात बाळारामही होता.

गावानं भांडण काढलं नाही, हेच वाईट. भांडण असतं तर मितालीनं परतफेड केली असती. पण बायका तिला बघून विषय बदलायच्या. त्या वर्षी समोरच्या घरच्या हळदीचा डीजे त्यांच्या खिडक्या हादरवत होता आणि त्यांना बोलावणं नव्हतं. कमळी दार लावून आत बसली आणि रडली. दीपेश बायकोवर चिडला. "तुला कोनी सांगितलं होतं शहाणपणा करायला? जनरललाच ठेवला असता, तरी वाचला असता."

"आणि नसते वाचले तर?"

"तर तर करत बस आता."

त्याचं उत्तर कॉम्प्युटरकडेही नव्हतं. मिताली कधीकधी काउंटरवर एकटी असताना सासऱ्याचे जुने आकडे आठवून बघायची, पिवळ्यात ठेवला असता तर काय झालं असतं. कितीही उलटंपालटं केलं तरी ते कळण्यासारखं नव्हतं. त्या विचारानं तिची झोप उडाली होती आणि बाळारामकाकांचा लाडूही बंद झाला होता. ते आता बायकोला आणायचे आणि मितालीची खिडकी टाळून शेजारच्या खिडकीशी उभे राहायचे.

पुढच्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली, आणि ती आली ती घराघरांत शिरत. एका सकाळी बाळारामचा मुलगा सनी दारात उभा राहिला. इतक्या महिन्यांत त्या घरातलं कोणी त्यांच्या पायरीवर आलं नव्हतं.

"वहिनी, पप्पांना श्वास लागतोय. महापालिकेच्या सेंटरला बेड नाय. तुमच्याकडं बघा ना. आणि ते तर यायलाच तयार नाय."

मितालीनं तिथल्या तिथे उत्कर्षा मॅडमना फोन लावला, गयावया केली. दुपारपर्यंत एक खाट धरून ठेवते, त्यापुढे नाही, असं मॅडम म्हणाल्या. मास्कवर मास्क चढवून मिताली बाळारामच्या घरी गेली. मागोमाग काठी टेकत जयदेवही निघाला. कमळी नको नको म्हणत होती, तरी निघाला.

बाळाराम ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. ओठ काळसर पडले होते. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा मितालीनं पाहिला. हा माणूस शुद्धीवर कसा होता, हेच तिला कळेना. आत त्याची बायको पलंगावर बसून ऐकत होती.

"काका, चला. गाडी आणलीय."

"नाय."

"काका, बेड आहे. उशीर झाला तर जाईल."

"तिथं तू बसतेस," बाळाराम म्हणाला. एकेक शब्द सुटा येत होता. "माजा वय तुना माहीत हाय."

मितालीचे डोळे भरले. "मी बसणार नाही आज. दुसरं कोणीतरी भरेल. किंवा मीच भरते, कार्डावर आहे तेच टाकते. पोरांची शप्पथ, काका. एक वर्ष इकडेतिकडे करणार नाही."

बाळारामनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"खरा टाकलास, तं कार्ड जातंय," तो म्हणाला आणि आतल्या खोलीकडे त्यानं मान वळवली. "हिचा डायलिसिस बंद. खोटा टाकलास, तं तुजा कॉम्प्युटर मना पिवला करंल. जयदेवानंच सांगलाय ना सगल्या गावाला, पिवल्याचा काय होतं ते. मंग मी येऊ कशाला, सांग."

रंगावर जाऊ नका काका, डॉक्टर माणूसही बघतात, ऑक्सिजनच इतका खाली आहे की वय काहीही टाकलं तरी तुम्ही लालच होणार, असं सगळं मितालीनं लगेच सांगायला हवं होतं. नंतर कितीतरी दिवस ती ते मनात त्याला सांगत राहिली. पण ते सुचेपर्यंत त्याला खोकल्याची उबळ आली, आणि तो सावरल्यावर ती हे सगळं बोललीही, पण तो ऐकत नव्हता. सहा महिने हाच हिशेब मनात घोळवून त्यानं आपलं ठरवून टाकलं होतं. जयदेव त्याच्यासमोर जमिनीवर बसला. त्याचा पाय धरून म्हणाला, "बाल्या, चल रं. मी सांगतो म्हनून चल." बाळारामनं हात वर केला, चिलट हाकलावं तसा. सनीनं वडलांना उचलून न्यायचा प्रयत्न केला तेव्हा आतून त्याची आई ओरडली, की त्याला ओढाओढ करू नका, त्याला काय पाहिजे ते करू दे. ते बोलून ती स्वतःच हंबरडा फोडून रडायला लागली.

दुपार टळली. मॅडमचा फोन आला. मितालीनं खाट सोडली. सनी तळवलीपासून तुर्भ्यापर्यंत फिरून कुठूनतरी एक सिलेंडर घेऊन आला, पण तोवर दिवेलागणीच्या आत बाळाराम गेला होता.

अंत्यविधीला चारच माणसांना परवानगी होती. जयदेवला कोणी येऊ दिलं नाही. तो आपल्या अंगणात, तुळशीपाशी खुर्ची टाकून बसून राहिला. समोरून ॲम्ब्युलन्स गेली तेव्हा उठून उभा राहिला आणि ती वळेपर्यंत उभाच राहिला. मिताली त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन गेली. त्यानं तो घेतला नाही.

"मी तवा गेलो असतो," तो म्हणाला, "तं बाल्या आज दवाखान्यात असता."

आतून कमळी म्हणाली, असं अभद्र बोलू नका. मितालीला वाटलं, आता रडावं, पायावर डोकं ठेवावं, चुकलं म्हणावं. सगळं गाव तेच ऐकायला थांबलेलं होतं. पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"बाबा, तुम्ही परत तसे समोर आलात, तर मी परत तेच वय टाकीन."

जयदेवनं तांब्या हातात घेतला.

"माहीत हाय मना," तो म्हणाला. "त्याचाच तं तरास हाय, पोरी. मना पन तूच पायजे व्हतीस तिथं."