शहाण्णव वेढे आणि आजोबांची चार बोटं

चि. मंजिरी आणि चि. निखिल,

आपल्या घराण्यात सुताने भटजी आडवा केल्याचा प्रकार एकदाच घडला आहे, आणि ते सूत मी काढलेलं होतं.

ही गोष्ट मी इतकी वर्षं तुमच्यापासून लपवली. पण मंजिरीचं परवाचं पत्र आलं: ‘आजी, मी इकडे टकळीवर सूत कातायला शिकते आहे. बाई म्हणतात, माझ्या हातात उपजत कला आहे. नक्की तुझ्याकडून आली असणार!’ तेव्हा म्हटलं, आता सांगून टाकलेलं बरं. पोर बिचारी भलत्या अभिमानात राहायची.

मी तेव्हा तेरा वर्षांची. रत्नागिरीच्या आमच्या घरातली इंग्रजी तिसरी पास झालेली पहिली मुलगी, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरात शब्द आजोबांचा. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचा. सहा फूट उंची, आणि हात एवढे मोठे की त्यांच्या पुढ्यातलं पळीपंचपात्र भातुकलीतलं वाटे. चैत्रात एक दिवस ते म्हणाले,

“झाल्या तीन इयत्ता. पुरे! पोरीला साधी वात वळता येत नाही, आणि चौथीत जाऊन कोणाचं राज्य चालवणार आहे?”

“आजोबा, तुम्ही सांगाल ते शिकेन!” (हे वाक्य आयुष्यात फार जपून वापरावं.)

“असं? मग वैशाखात बंडूची मुंज आहे. त्याचं जानवं तू कर. परसातल्या देवकापसाचं, घरी कातून. जमलं तर शाळा. नाही तर चूल.”

“मला बाजारातलं चालेल!” आठ वर्षांचा बंडू, माझा भाऊ, ओरडला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

शिकवायला होती माईआत्या, वडिलांची बहीण. ती गप्पा मारता मारता, टकळीकडे न बघता कोळ्याच्या जाळ्यासारखं सूत काढी. मी मात्र आधी वेळापत्रक केलं. सोमवारी सरकी काढणे, मंगळवारी कापूस पिंजणे, बुधवारी त्या कापसाचे पेळू वळणे, गुरुवारी सूत. गुरुवार आला. सूत आलं नाही.

त्यात जानव्याचं सूत सोवळ्यात काढायचं! म्हणजे चैत्रातल्या उकाड्यात अंगाला लोकरीची धाबळी. घाम टपटप पेळूवर पडे. सूत निघे ते कुठे केसासारखं, तर कुठे शेवग्याच्या शेंगेसारखं.

“अगो कुश्ये, जानवं करत्येस की गाईला दावं वळत्येस?”

“आत्या, सारखं तुटतंय गो!”

“मग पीळ दे थोडा जास्त.”

दिला. थोडा म्हणजे किती ते आत्याने सांगितलं नव्हतं, म्हणून भरपूर दिला. त्यानंतर ते सूत तुटलं नाही. (हे लक्षात ठेवा.)

“आता चार बोटांभोवती शहाण्णव वेढे घे,” आत्या म्हणाली. “ज्याला घालायचं त्याची बोटं घे हो!” आणि ती आंबोशी वाळत घालायला अंगणात गेली.

बंडू धावतच आला. दोन्ही हात कोपरापर्यंत आंब्याच्या रसाने माखलेले. “ताई, घे माझी बोटं!”

“लांब हो! शिवशील!” मी किंचाळले. सकाळपासून दोनदा आंघोळ झाली होती, तिसरीची माझी तयारी नव्हती. मी सोवळ्यात आणि बंडू रसात. घरात सोवळ्यातला दुसरा हात एकच, आजोबांचा, आणि ते पूजेला बसलेले. पूजेत त्यांचं मौन असे.

मी खुणेने हात मागितला. त्यांनी माझ्या हातावर तीर्थ घातलं. मी प्यायले. पुन्हा हात मागितला. पुन्हा तीर्थ! शेवटी मी सरळ त्यांचा डावा हात धरला आणि चार बोटांना फूटपट्टी लावली. (पट्टी धुऊन घेतली होती. नीटनेटकेपणात मी कधीच कमी पडले नाही.) ते डोळे वटारून बघत राहिले, पण मौन म्हणजे मौन. मग तेवढ्याच रुंदीची एक फळी शोधून मी तिच्यावर शहाण्णव वेढे घेतले, पाटीवर रेघा ओढून, अचूक. चार बोटं ती चार बोटं, कोणाची का असेनात, असं माझं इंग्रजी तिसरीचं गणित होतं.

सुताचे पदर करून गाठ मारायचं काम आजोबांनी स्वतः केलं. रोजचा हात स्वतःच्याच जानव्याला सरावलेला. उंच धरून म्हणाले, “वा! लांबी अगदी बरोबर!” मी मनातल्या मनात चौथीची पुस्तकं घेतली.

मुंजीच्या दिवशी मांडव गच्च भरलेला. भटजींनी मंत्र म्हणत बंडूच्या खांद्यावर जानवं घातलं. ते कमरेपर्यंत आलं. थांबलं नाही. लंगोटीच्या खाली गेलं, गुडघ्यापाशी जाऊन लोंबायला लागलं.

“अहो, जानवं कमरेखाली जाऊ नये,” भटजी कुजबुजले. “हे तर अंगणात निघालंय!”

“ताई, टोचतंय गो!” बंडू भर मांडवात पाठ खाजवत ओरडला.

“ऊठ बाळ, सूर्याला नमस्कार कर,” भटजी घाईने म्हणाले. बंडू उठायला गेला, आणि पायाचा अंगठा जानव्यात अडकला. आता सूत तुटणार की बंडू पडणार?

सूत तुटलं नाही. बंडू भटजींवर पडला, आणि भटजी अक्षतांच्या परातीत!

आईने तोंडाला पदर लावला. तो रडण्यासाठी की हसण्यासाठी, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजोबा पुढे आले. त्यांनी जानवं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग जोर लावून ओढलं. “तुटत कसं नाही हे?” मला चूल दिसायला लागली. त्यांनी ते बंडूच्या अंगावरून काढलं, स्वतःच्या खांद्यावर घातलं. अगदी मापात! त्यांनी एकदा आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

“दोनदा तीर्थ प्यायलीस, पण बोलली नाहीस!”

“तुम्ही मौनात होतात ना, आजोबा.”

भटजींच्या पिशवीत एक बाजारातलं जानवं निघालं. बंडू इतका खूश मी नंतर त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

मांडव रिकामा झाल्यावर निकाल लागला. “पोरीला चौथीत घाला,” आजोबा आईला म्हणाले. “घरी बसवून सूत काढायला लावली, तर पंचक्रोशीत भटजी उरायचा नाही.”

लोक मला विचारतात, त्या काळात तुम्ही इंग्रजी शिकलात कशा? मी नम्रपणे मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

आता टकळी नाही, देवकापसाचं झाडही नाही. ती फळी माझ्या टेबलावर आहे, आजोबांच्या चार बोटांएवढी. उरलेलं सूत आत्याने परसातल्या दोन माडांना बांधलं होतं, धुणं वाळत घालायला. त्यातला एक माड मागच्या वादळात पडला. सूत आहे.