टॉवेलखालचा तारा

मला नवरा नको होता, दुसरा डोळा हवा होता. हे वाक्य मी आईला ऐकवलं तेव्हा तिनं लाटणं खाली ठेवलं आणि माझे दोन्ही डोळे निरखून पाहिले. ते शाबूत आहेत अशी खात्री झाल्यावर ती पुन्हा पोळ्यांकडे वळली.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. सांगलीत बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते आणि मला रूपविकारी ताऱ्यांचं वेड लागलं होतं. रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं ते तारे. ते मोजायला दुर्बीण लागतेच असं नाही. शेजारचा एक जरा ठळक तारा घ्यायचा, एक जरा मंद घ्यायचा. त्या दोघांचं तेज पुस्तकात दिलेलं असतं. आपला तारा त्यांच्या मध्ये कुठे बसतो ते नजरेनं ठरवायचं. त्या आकड्याला प्रत म्हणतात. आकडा जितका लहान, तितका तारा ठळक. हे उलटं गणित माझ्या एकाही मैत्रिणीच्या डोक्यात शिरलं नाही. दादांच्या शिरलं. दादा म्हणजे माझे वडील, हळदीचे अडते. "पहिली प्रत चांगली, सहावी म्हंजी कचरा. ह्यात अवघड काय हाय?" एवढंच म्हणून ते दुकानात निघून गेले.

अडचण वेगळीच होती. तारा आज मंद होणार हे आधी ठाऊक असलं, की तो मंद दिसायलाच लागतो. म्हणून शेजारी दुसरं कोणी तरी लागतं, ज्यानं आपला आकडा ऐकलेला नसेल. दादांची नजर अधू. आई गच्चीत आली की वाळवणाशिवाय काही बघत नसे. तेव्हा जो येईल त्याला हे जमलं पाहिजे, निदान चाललं तरी पाहिजे, यावर मी हटून बसले होते.

आलेली स्थळं मात्र एकाहून एक. एकानं मला भविष्य सांगता का म्हणून विचारलं. दुसऱ्याच्या आईनं विचारलं, सून रात्रीची गच्चीत दिसली तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक झोपलेले असतात. ते लोक चहा न घेताच उठले. शेवटी दादांनी बजावलं, "आता साताऱ्याचं एक बघ. न्हाई जमलं तर मिरजेचं ठरवून टाकतो." मिरजेचं घर मी येता-जाता हेरून ठेवलं होतं. घराला गच्चीच नव्हती, वर नुसते पत्रे. 

साताऱ्याच्या पाहुण्यांना बोलवायचा दिवस मी काढून दिला. शर्मिष्ठा आणि कृत्तिका यांच्या मधल्या पट्ट्यात एक तारा आहे. त्याच्यापुढून त्याचा अंधूक जोडीदार जातो, तेव्हा तो काही तास उतरत जातो आणि पुन्हा चढतो. थंडीतल्या एका रविवारी तो दिवेलागणीपासूनच उतरायला लागणार होता. आईनं पंचांग उघडलं, तर तिथंही तोच दिवस चांगला निघाला. आम्हा मायलेकींचं प्रथमच एकमत झालं. कारणं कोणी कोणाला विचारली नाहीत.

मुलगा साताऱ्यात हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. सोबत त्याचे मामा, फौजेतून निवृत्त झालेले. भडंगाच्या बश्या ठेवल्या आणि मी सरळ विचारलं, "तुम्ही रात्री लवकर झोपता का?" मामांना भडंगातल्या मिरचीचा ठसका लागला. आई पाणी आणायला धावली. मग मला सगळं सांगावंच लागलं.

"आवं, तारा कमी-जास्त हुतो म्हंजी?" मामा डोळे पुसत म्हणाले. "कंदील हाय व्हय त्यो?"

मुलगा हसला नाही. त्यानं विचारलं, "तो उतरतो हे तुम्ही पाहिलंय, की पुस्तकात आहे म्हणून म्हणताय?"

मला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग असा आनंद झाला की मी त्याच्या बशीत आणखी भडंग ओतलं. इतक्या उद्धटपणे, इतकं बरोबर मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

अंधार पडताच आम्ही गच्चीत गेलो आणि लाइट गेली. सारी पेठ वीजवाल्यांना शिव्या घालत होती, मी टाळ्या वाजवत होते. मी त्याला तारा दाखवला, तुलनेचे शेजारी दाखवले. एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये, असं सांगितल्यावर दादांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

आमच्या पेठेत तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि घेणारा टॉवेलखाली हात घालत आणि बोटं धरून भाव सांगत. शेजारच्याला पत्ता लागत नसे. दोन बोटं धरली की दोन. पाच सांगायला पाचही बोटांची टोकं नुसती चिमटीत धरायची. आणि अख्खा पंजा मुठीत घेऊन दाबला, की सौदा पक्का. मग अडत्या ओरडे, "दिली!" म्हणजे हळद दिली.

दादांनी त्याला बोटं शिकवली. आधी प्रतीचा पूर्ण आकडा, मग दशांश. सौद्याची खूण सांगायची राहिली. ताऱ्याचा काय सौदा व्हायचाय? पहिला आकडा आम्ही दोघांनी टॉवेलखाली दादांना दिला. दादांनी मान डोलावली. मग मामांच्या फौजेतल्या गोष्टी ऐकत आम्ही बराच वेळ सतरंजीवर बसून राहिलो. मला एक गोष्ट धड ऐकू आली नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं आधी हात घातला. दोन बोटं धरली. मग त्याला सांगायचं होतं पाच. त्यानं दादांचा अख्खा पंजा मुठीत घेतला आणि मास्तरी नेटानं दाबला.

"दिली!" दादा ओरडले.

सवयीचा आवाज, लिलावात कमावलेला. त्या अंधारात तो पार कोपऱ्यापर्यंत गेला असणार. आई जिन्यातच कान देऊन उभी होती. ती साखरेची वाटी घेऊन वर आली. मामांनी उठून दादांना मिठी मारली. शेजारच्या गच्चीतून कोणी तरी विचारलं, "काय दिली, शेट?"

"मी फक्त पाच म्हणालो," मुलगा म्हणाला.

दादा मिठीतून सुटले आणि ओशाळून म्हणाले, "मास्तर, ते पाच नव्हं. तुम्ही सौदा पक्का केला."

 तो ताऱ्याकडे बघतच म्हणाला, "चूक माझी आहे. पण मला तो मोडायचा नाही."

आई वाटी पुढे करणार, तोच दादांनी तिला अडवलं. "थांब. तिचा हात राहिलाय." आणि त्यांनी टॉवेल माझ्यापुढे धरला.

मी वर पाहिलं. तारा स्पष्ट उतरला होता. मघाशी ज्याला मंद म्हणत होतो, त्या शेजाऱ्याच्या निम्म्या वाटेला आला होता. मला हसू फुटत होतं. टॉवेलखाली दादांचा खरखरीत हात वाट बघत होता. मी दोन बोटं धरली. मग पुढची खूण दिली.

या खेपेला दादा ओरडले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "वाट गं साखर."

गडबडीत तो माझ्याजवळ सरकला आणि त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे आकडे जुळले? तुमचाही पाचच?"

"नाही. माझा चार होता."

"मग टॉवेलखाली काकांना तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हटलं. "फक्त मी चुकून नाही सांगितलं."