हिरव्या टिपक्याच्या बाटल्या

पोत्यावर हातोडा पडायचा, आतली काच फुटून खाली बसायची, आणि पोतं पालथं केलं की गोट्या घरंगळत बाहेर यायच्या. दौंडला कोल्ड्रिंकच्या एजन्सीच्या गोडाऊनमागं मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस माझ्या सोड्याच्या बाटल्या फोडत होता. दोन बायका उकिडव्या बसून काचेतून गोट्या वेचत होत्या आणि डालड्याच्या डब्यात टाकत होत्या. भंगारवाला काच वेगळी घेतो, गोट्या वेगळ्या घेतो, असं त्यातली एक मला समजावून सांगत होती. जसं काही मी तेच विचारायला आले होते.

बाटल्या माझ्याच होत्या, त्यात शंका नव्हती. प्रत्येकीच्या बुडाला हिरव्या ऑइलपेंटचा टिपका होता. काडीला कापूस गुंडाळून तो मीच लावलेला. गोटीसोड्याच्या बाटलीचं बूड जाड असतं, ते लवकर फुटत नाही. त्यामुळं ढिगात बुडं तेवढी शाबूत होती. जिकडं बघावं तिकडं हिरवे टिपके.

"आरं थांब की! माझ्या बाटल्या हायेत त्या," मी ओरडले.

"मला काय सांगताय मावशी? पुढं आफिसात सायेब बसल्यात, त्यांना सांगा," तो म्हणाला आणि त्यानं दुसरं पोतं ओढलं.

शिरूरला आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. त्यात एक हातानं फिरवायचं मशीन, गॅसचा सिलिंडर आणि बाटल्या धुवायचं सिमेंटचं टाकं. सासऱ्यांनी सुरू केलेला. नवरा मशीन फिरवायचा. बाटल्या धुणं, पाक करणं, भरणं माझ्याकडं. साधा सोडा, लेमन, ऑरेंज आणि रासबेरी. बाटलीच्या गळ्यातच काचेची गोटी असते. मशीनच्या पिंजऱ्यात बाटली उलटी फिरवली की गॅसच्या जोरानं गोटी तोंडाच्या रबराला घट्ट बसते. झाकण लागत नाही. प्यायच्या वेळी अंगठ्यानं गोटी आत ढकलायची. कधी भरतानाच बाटली फुटायची. नवऱ्याच्या हाताला कुठं ना कुठं फडकं बांधलेलं असायचंच. त्याचं कौतुक नको. कामच तसलं होतं.

या धंद्यात सोडा स्वस्त आणि बाटली महाग. ती बनवणारे कारखाने लांब परमुलखात, आणि तेही एकेक करून बंद पडत चाललेले. म्हणजे बाटली परत आली तरच पुढचा सोडा. आणि तरीही आम्ही कधी डिपॉझिट घेतलं नाही. सासूबाईंचा तो कायदाच होता. त्या म्हणायच्या, ज्या घरात लग्न आहे त्या घराला, तुम्ही बाटल्या चोराल, असं तोंडावर सांगायचं का? मी नवी असताना एकदा न्हावऱ्याच्या एका लग्नघराकडं डिपॉझिट मागितलं, तर वर्षभर बाजारात बायका मला ऐकवत होत्या. "काय चाची, आमच्या पिशवीवर पण डिपॉझिट घेती का?" पुन्हा मी तोंड उघडलं नाही.

बाटल्या मात्र परत यायच्या. लग्नघरं धुऊन पाठवायची. एका माणसानं उसाच्या सरीत सापडलेली बाटली दोन वर्षांनी आणून दिली होती, चिखलासकट. त्यामुळं आम्हाला वाटलं, हे असंच चालतं. तीच आमची चूक. हिशोब जमला नाही असं नव्हतं, माणसं ओळखीची आहेत एवढ्यावरच आम्ही थांबलो.

नव्वदच्या पुढं बाहेरच्या कंपन्यांची कोल्ड्रिंकं आली. पेपरात उठता बसता खुल्या बाजाराचं कौतुक. माल स्वस्त होईल, गिऱ्हाईक राजा होईल, ज्याच्यात दम असेल तो टिकेल. मला ते वाचून भीती वाटली नव्हती. आमच्या रासबेरीत दम होता. रांजणगावला कंपन्या सुरू झाल्या, पोरं बसनं शिफ्टला जायला लागली, तेव्हा त्यांना हातात पत्र्याच्या बुचाची बाटली पाहिजे झाली. ते मला समजत होतं. पाहिजे तर पाहिजे. पण खेड्यातली लग्नं आणि जत्रा आमच्याकडं होत्या.

मग कोल्ड्रिंकच्या कंपनीनं हॉटेलांना फ्रीज दिले. फुकट. अट एवढीच की त्यात दुसऱ्याची बाटली ठेवायची नाही. आमचा सोडा बाहेर खोक्यात, उन्हात. थंड सोडा आणि कोमट सोडा यात कुणीही थंडच पिणार. मीसुद्धा थंडच प्यायले असते. तोपर्यंतसुद्धा मी म्हणत होते, ठीक आहे.

त्या वर्षी मांडवगणच्या एका आबांनी नातीच्या लग्नाची ऑर्डर दिली. मोठं शेत, गावात वजन. वऱ्हाड उतरलं की प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा सोड्याची बाटली, अशी त्यांच्याकडं रीत.

"चाची, माझ्या लग्नात तुमच्या सासऱ्याचा सोडा होता," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या लग्नात तुमचा. आता नात. बाटल्या कमी पडू देऊ नका, वऱ्हाड मोठं हाय."

"आबा, कवा कमी पडल्यात?"

हे मी छाती काढून बोलले. एवढी एक ऑर्डर नीट झाली असती तर त्या पट्ट्यातली लग्नसराई आमच्याकडं राहिली असती, कारण आबांच्या मांडवात जे दिसतं ते बाकीचे करतात. घरी मात्र रिकाम्या बाटल्या थोड्याच होत्या. बाकीच्या हॉटेलांत आणि दुकानांत पडलेल्या. दरवर्षी लग्नसराईच्या तोंडावर मी टेम्पो घेऊन त्या गोळा करायची. त्या वर्षीही निघाले.

न्हावऱ्याला स्टँडवरच्या हॉटेलात आप्पा भजी काढत होते. मी खोकी मागितली.

"बाटल्या गेल्या की वं," आप्पा म्हणाले.

"गेल्या म्हंजी? पाय फुटलं का त्यांना?"

"कंपनीची स्कीम हाय. एक खोकं रिकाम्या गोटीच्या बाटल्या द्यायच्या, सहा कोल्ड्रिंकं फुकट. सगळ्यांनीच दिल्या. मी एकटा राहू का?"

"आप्पा, त्या बाटल्या तुमच्या होत्या का?"

आप्पांनी झारा कढईवर आपटला. "तुमी तरी कवा म्हनला तुमच्या हायेत म्हनून? डिपॉझिट न्हाई, पावती न्हाई. धा वर्षं हितंच येऊन पडत्यात. मला वाटलं…" त्यांनी झारा पुन्हा कढईत घातला. "भजी खावा," म्हणाले.

त्या दिवशी सहा ठिकाणी गेले. सगळीकडं तेच. एका बाईनं तर फुकट मिळालेल्या कोल्ड्रिंकमधलंच मला देऊ केलं. कुणाला लाज वाटत नव्हती, कारण कुणाला ती चोरी वाटलीच नव्हती. ओळखीच्या माणसाची वस्तू ओळखीच्या माणसानं देऊन टाकली, एवढंच. टेम्पोवाल्याला मी घरी पाठवलं आणि न्हावऱ्यावरूनच दौंडची एसटी धरली. काही बाटल्या एजन्सीच्या गोडाऊनला तरी असतील, असं डोक्यात होतं. तिथं काय होतं ते वर सांगितलं आहे.

ऑफिसात पंखा होता. एजंट तरुण होता, शर्ट खोचलेला, बोलायला गोड. "मावशी, आधी थंड घ्या," म्हणून त्यानं कोल्ड्रिंकचं बूच काढून बाटली माझ्या पुढ्यात ठेवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. मी ती बाटली प्यायले. तिथंच बसून, अख्खी. इतकी वर्षं झाली, मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

मग मी म्हटलं, "माझ्या बाटल्या का फोडता?"

"त्या आम्हाला दुकानदारांनी दिल्या. आम्ही बदल्यात माल दिला. सौदा झाला."

"दुकानदाराच्या नव्हत्या त्या."

"तसं कुठं लिहिलंय? मावशी, आता मार्केट ओपन झालंय. कंपिटिशन आहे. राग मानू नका."

"बाजारात मी पण बसले आहे," मी म्हणाले. "शेजारणीची मेथी जास्त खपली तर तिची पाटी कुणी पालथी करत न्हाई. तुमचा माल चांगला हाय ना? फ्रीज हायेत, गाड्या हायेत. मग माझ्या रिकाम्या बाटल्यांची भीती कशापायी?"

तो हसला. वाईट हसला नाही, समजूत काढायला हसला. "मला वरून टार्गेट असतं मावशी."

पोलीस चौकीत गेले. हवालदारानं बिल मागितलं. बिल सासऱ्यांच्या काळातलं, कुठून आणू? बुडाचा हिरवा टिपका मी सांगितला. "हिरवा रंग काय कुणीबी लावंल," तो म्हणाला. ते खरंच होतं. मी उठले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो उरलेल्या बाटल्या धूत होता. सगळं ऐकून घेतलं आणि धूतच राहिला. मी म्हटलं, "कशाला धुता आता?" तर म्हणाला, "भिजवल्यात तर धुऊन ठेवतो." मला वाटलं टाकं लाथेनं फोडावं.

आबांकडं मीच गेले. खोटं बोलायचं नव्हतं, बाटल्या नाहीत म्हणून सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या पुतण्याचंही स्टँडजवळ दुकान होतं, त्यानंही बाटल्या दिल्या होत्या. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आबा म्हणाले, "मग आता ते दुसरंच मागवावं लागंल."

"मागवा," मी म्हटलं.

लग्नात वऱ्हाडाच्या हातात पत्र्याच्या बुचाच्या बाटल्या होत्या. त्यांचं डिपॉझिट आबांनी आधी भरलं होतं, खोक्याप्रमाणे, मुकाट्यानं. कंपनीनं मागितलं तेव्हा कुणाचा अपमान झाला नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मशीन पुन्हा फिरलं नाही. भंगारात घातलं. पुढच्या वर्षी तोच एजंट शिरूरला दारात आला आणि म्हणाला, मावशी, जागा मोक्याची आहे, फ्रीज ठेवता का? मी ठेवला आणि त्यांचीच कोल्ड्रिंकं विकायला लागले. कारखान्याच्या खोलीतच. लोकांनी नावं ठेवली, पण चूल त्या लोकांची नव्हती. एकदा कंपनीचा माणूस तपासायला आला, तर खालच्या कप्प्यात कणीक, कोथिंबीर आणि दूध.

"भाभी, फ्रीजमध्ये फक्त आमचाच माल चालेल."

"मग लाइट बिल बी तुम्हीच भरा," मी म्हटलं. कणीक तिथंच राहिली.

काही वर्षांनी कंपनीनं त्या एजंटाची एजन्सी काढून जास्त गाड्या असलेल्या दुसऱ्याला दिली. तो मला एकदा दौंड स्टेशनवर भेटला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, शर्ट खोचलेलाच. "मावशी, ओळखलं का?" म्हणाला. ओळखलं होतं. काय करतोस म्हणून मी विचारलं नाही. त्यालाही मार्केट ओपन असल्याचं आठवत असेल.

एखादी बाटली आठवण म्हणून ठेवली का, असं आता सुना विचारतात. ठेवली नाही. नवऱ्यानं धुऊन ठेवलेल्या होत्या, त्याही मशीनबरोबर भंगारात दिल्या.

आबा गेले, न्हावऱ्याचे आप्पा गेले, नवराही गेला. मी आहे.