नकार न देणाऱ्यांची यादी

बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात मी तीन वर्षं कारकून होते. वाणगावहून रोज यायचे. एकदा सगळ्यांकडून स्वभावाचा फॉर्म भरून घेतला गेला. ‘चारचौघांत बसायला आवडतं’, ‘समोरचा आपल्याला दूर लोटेल अशी धास्ती वाटते’, अशी वाक्यं आणि पुढे एक ते पाच आकडे. बेरजा करायचं काम माझ्याकडे आलं.

धास्ती असते ती कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यांना, असं मला वाटायचं. पण दातिवऱ्याचा एक ऑपरेटर होता. डब्यातले सुके बोंबील सगळ्यांना वाटणारा, अख्ख्या पाळीला हसवत ठेवणारा. मिसळण्यात त्याला सगळ्यांत जास्त गुण होते आणि धास्तीतही. मी पुन्हा बेरीज केली. तेच आकडे.

दोन दिवसांनी मॅनेजर आले. “धास्तीचे गुण जास्त आहेत ती नावं वेगळी काढून दे.”

“कशाला, सर?”

“टीम बसवायचीय.”

मी आठ नावं दिली. सोमवारी ती आठही माणसं जुन्या रिअॅक्टरवर गेली. त्याच्या झाकणातून रसायनाची वाफ गळायची, म्हणून आधीच्या लोकांनी तिथे काम करायला साफ नकार दिला होता. या आठांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

दातिवऱ्याचा ऑपरेटरही त्या आठांत होता; बुधवारी कॅन्टीनमध्ये मी त्याला गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “दादा, तुम्ही नाही म्हणा ना.” यादी मी दिली, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

तो हसला. “नाय कसा म्हणू, ताई? सायबांना काय वाटंल? बाकीचे पन हायेत ना तिथं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. चौघांनी त्याला उचलून गेटापाशी आणलं. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मॅनेजर वाकले, तसा त्याने त्यांचा हात धरला.

“सॉरी सायेब. बॅच वाया गेली.”

तो वाचला, पण कामावर परतला नाही. चार पावलं चालला तरी दम लागतो, असं त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं.

त्याच आठवड्यात शनिवारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. “त्याच्या जागी एक नाव दे.”

नाही म्हणायचं, असं ठरवूनच मी मान वर केली. ते शांतपणे माझ्याकडे बघत होते. फॉर्म मीही भरला होता आणि माझे धास्तीचे गुण त्यांना माहीत होते.

मी फाइल उघडली.