म्हातारीचं डोकं

माझे धाकटे दीर तेलशुद्धी कारखान्यात होते आणि दोन मुलींनी त्यांना केवळ वासामुळे नाकारलं होतं. साबण बदलून झाले, अत्तर लावून झालं. अत्तरालाच रॉकेलचा वास यायला लागला. स्वभाव सोन्यासारखा, पण सोनं काही कोणी हुंगून घेत नाही.

गावातला कारखाना म्हणजे सुरुवातीला एक भट्टी आणि एक उंच लोखंडी मनोरा. कच्चं तेल तापवून मनोऱ्यात सोडायचं. वर पेट्रोल, मध्ये रॉकेल, तळाशी डांबर. मनोरा कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून जुनाच आणलेला, म्हणून कामगार त्याला म्हणायचे म्हातारी. तिला डोकं होतं, पोट होतं, बूड होतं. ती रुसायची, धापा टाकायची, चारचौघांत वारा सोडायची. आता तिला चांदीचा रंग फासून फाटकाशी शोभेला उभी केलीय, पण तेव्हा सगळं गाव तिच्यावर जगत होतं आणि ती फक्त भावजींचं ऐकायची.

तिसरी मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे चहाला आली. वासाचं तिनं काही काढलं नाही. तिला सर्दी झाली होती.

सगळं छान जुळत आलं आणि फोन वाजला. वडील फोनच्या शेजारीच बसलेले, त्यांनीच उचलला.

"निरोप आहे," ते म्हणाले. "म्हातारीचं डोकं तापलंय, लगेच या."

भावजी हातातल्या बिस्किटासकट पळाले.

वडिलांनी कप खाली ठेवला. "तुम्ही तर म्हणालात, घरात सासू नाही."

"नाहीच."

"मग ही कोण?"

मला हसू आवरेना, आणि हसणाऱ्या बाईचा खुलासा कोण मानतो? वडील उठलेच. झालं, ही तिसरीही गेली म्हणायची.

"बाबा, आजारी माणसाला न बघता कसं जायचं?" मुलगी म्हणाली.

"चला, भेटवतेच," मी म्हटलं.

फाटकावर वडील ताठ्यात म्हणाले, "म्हातारीला बघायला आलोय."

"काडेपेटी आहे का खिशात?" वॉचमननं विचारलं.

"बघायला आलोय, जाळायला नाही."

"तरी काढून ठेवा. ती भडकली तर गाव उरायचं नाही."

"इतकी तापट?"

"सकाळपासनं ऐकतच नाहीये कुणाचं."

तेवढ्यात भावजी आले. कोपरापर्यंत काळे, बिस्किटाचा तुकडा अजून वरच्या खिशात.

"कशा आहेत?" मुलीनं काळजीनं विचारलं.

"डोक्यावर थंड तेल सोडलं. झाली शांत." आणि त्यांनी वर बोट दाखवलं.

वडिलांची मान वर गेली ती वरच राहिली. "ही?"

"हीच."

ते वॉचमनच्या स्टुलावर बसले. मुलगी इतकी हसली, इतकी हसली, की तिचं नाक मोकळं झालं. मग तिनं एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. भावजींचा चेहरा पडला.

"रॉकेल?" तिनं विचारलं.

"थोडं डिझेलही."

"बरंय. गर्दीत हरवणार नाहीत."

"आणि ही सासू?" वडिलांनी कुरकुरत वर बघितलं.

"ही चालेल, बाबा. डोक्यावर तेल घातलं की शांत होते. आपल्या घरातल्या आत्याला काय घालायचं, ते आपल्याला अजून सापडलेलं नाही."