वायाळ सर आणि गाळलेल्या तळटिपा

वायाळ सरांच्या घरून काकूंचा, त्यांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी अंबडच्या बसस्थानकावर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. "नसरीन, सर गेले गं..." एवढंच बोलून त्या थांबल्या. सकाळी आंघोळीला जाताना छातीत दुखलं म्हणाले आणि खाटेवर बसले ते बसलेच. गाडी आली, माणसं चढली, गाडी निघूनही गेली, आणि मी हातात सुट्टे पैसे धरून तिथंच उभी होते. मग रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. ओसरीवर कॉलेजमधले बरेच जण होते. आतल्या दाराशी, भिंतीला टेकून, कमलताई बसलेल्या दिसल्या. येणारा प्रत्येक जण आधी सरांकडे बघायचा आणि मग त्यांच्याकडे. या बाई इथं कशा, असा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. त्या दोघांची हकिगत आमच्या कॉलेजात इतक्या तऱ्हांनी सांगितली जाते, की मी जी पाहिली ती एकदा लिहून ठेवावी असं तेव्हापासून मनात आहे.

वायाळ सर इतिहास शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते आणि त्यांची जाम दहशत होती. पहिलं प्रकरण घेऊन गेले तेव्हा मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'या भागातील स्त्रिया पहाटेपासून राबतात, हे सर्वश्रुत आहे.' सरांनी 'सर्वश्रुत'भोवती तांबडं वर्तुळ काढलं. "सर्व म्हणजे कोण? तुला कोणी सांगितलं?" मी चाचरत म्हटलं, अम्मीनं. "मंग तसं लिही. अम्मीचं नाव, गाव, बोलणं कधी झालं ते. खाली टीप दे. तुझी अम्मीबी संदर्भच आहे." घरी सांगितल्यावर अम्मी हसली, "मेरा नाव किताब में कायकू?" पण पुढं कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती. विशेषणं सरांना खपायची नाहीत. 'हृदयद्रावक' शब्द खोडून त्यांनी समासात लिहिलं होतं, 'हे वाचकाला ठरवू द्या.' आणि 'मी' तर बिलकुल नाही. 'मला असे वाटते' लिहिलं की ते पान परत. 'असे आढळते', 'असे दिसून येते'. संशोधनात माणसानं मागं सरकून उभं राहावं, पुरावा पुढं यावा, असं ते म्हणायचे. त्यांच्या या शिस्तीपायी दोघा-तिघांनी मार्गदर्शक बदलून घेतले होते. त्यांच्या मनात सरांविषयी काय होतं, ते पुढं कळलंच.

आठवडी बाजारांवर सरांनी आयुष्यभर काम केलं होतं. त्यांचे शोधनिबंध मोजके लोक वाचायचे. म्हणून एका प्रकाशकाच्या आग्रहावरून त्यांनी सगळ्यांना वाचता येईल असं पुस्तक केलं. प्रकाशक म्हणाला, पानाच्या तळाशी बारीक अक्षरं दिसली की साधा वाचक घाबरतो, टिपा शेवटी टाकू. सर कुरकुरत कबूल झाले. पुस्तक छापून आलं तेव्हा शेवटी टिपा नव्हत्या. पानं वाढत होती म्हणून गाळल्या, असं उत्तर मिळालं. प्रकाशन समारंभाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचं ठरलं होतं... आणि सर गप्प बसले. हे मला त्यांनीच सांगितलं, पण फार उशिरा.

समारंभ झाला, हार-तुरे झाले, आणि थोड्याच दिवसांनी विभागाच्या दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या राहिल्या. मी तिथंच कपाटाशी पुस्तकं लावत होते.

"वायाळ सर तुमीच का?"

"हो. या, बसा ताई."

"बसायला न्हाई आले. शहागडाहून आले." त्यांनी पिशवीतून सरांचं पुस्तक काढलं आणि खूण घातलेलं पान उघडून उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. कासाराची बायको गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवताना घरातली सुखदुःखं कशी काढून घेते, त्याचं वर्णन होतं. सुरेख परिच्छेद होता तो. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे कोणाचं हाये?"

"तुमचं," सर म्हणाले.

"मंग माझं नाव कुठं गेलं?"

याच त्या कमलताई, शहागडला शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीच्या आधीपासून सुट्टीच्या दिवशी एसटीनं गोदाकाठचे बाजार पालथे घालायच्या, विक्रेत्यांशी बोलायच्या, आणि त्यावर एका छोट्या दिवाळी अंकात लेख लिहायच्या. सरांनी आपल्या निबंधांत प्रत्येक ठिकाणी त्यांचं नाव दिलं होतं. पण निबंध त्यांनी कुठून वाचावेत? त्यांच्या हाती आलं ते पुस्तक, आणि त्यात त्यांची वाक्यं होती, त्या नव्हत्या.

त्यांनी प्राचार्यांकडे रीतसर तक्रार दिली. चौकशी समिती बसली. ज्यांचे प्रबंध सरांनी परत पाठवले होते, ते चहाच्या टपरीवर मोठमोठ्यानं बोलू लागले, "आता गुरुजींनाच तळटीप लागली!" मला हसू येत नव्हतं. चोरी ठरली तर सरांचं मार्गदर्शकपद जाणार, आणि आम्हा विद्यार्थ्यांना नवा मार्गदर्शक शोधून जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. माझा प्रबंध टंकनाला जायच्या बेतात होता. घरी अब्बू रोज विचारायचे, "क्या हुआ?" आणि मी रोज म्हणायचे, काही नाही झालं अजून. रात्रीची झोप उडाली होती.

समितीच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी प्राचार्यांनी सरांना आधी आपल्या खोलीत बोलावलं. सरांनी मलाही आत घेतलं, का ते माहीत नाही. प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी एक टंकलेला कागद पुढं सरकवला. 'सदर ग्रंथात मुद्रणप्रक्रियेदरम्यान काही संदर्भ अनवधानाने राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे.' खाली सहीची जागा. प्रकाशकाचं पत्र जोडायची तयारीही होती.

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. बाहेर शिपाई कुणाला तरी थांबायला सांगत होता. मी मनात म्हणत होते, करा सही, सर... करा.

"यात कर्ताच न्हाई," सर म्हणाले.

"सर, औपचारिक भाषा अशीच असते. तुम्हीच तर शिकवता."

"शिकवतो. काम करताना माणूस मागं सरकावा म्हणून शिकवतो. चूक करून भाषेच्या आड लपावं म्हणून न्हाई."

"पोरांचं नुकसान होईल," प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं काय?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, खोटं तर काही नाही त्यात." सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती, तसं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हातानं लिहिलं, 'कमलताईंचे लेखन त्यांच्या नावाशिवाय मी छापू दिले. टिपा गाळल्याचे छापील प्रत हाती येताच मला कळले होते. मी गप्प राहिलो.' खाली सही केली आणि तो कागद घेऊन समितीपुढं गेले.

व्हायचं ते झालं. मार्गदर्शकपद गेलं. सरांनी पुस्तक बाजारातून परत घ्यायला लावलं. मला संभाजीनगरला नव्या बाई मिळाल्या, त्यांना विषयच वेगळ्या अंगानं हवा होता, आणि पदवी हाती यायला पुढं बराच काळ गेला. मी कित्येक महिने सरांच्या घरी पाऊल टाकलं नाही. रस्त्यात दिसले की मीच गल्ली बदलायची. शेवटी ईदच्या दिवशी अम्मीनं शीरखुर्म्याचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "उन्होंने मेरा नाव लिखाया था. जा."

गेले तर सरांच्या खोलीत कमलताई! दोघं कडाक्यानं भांडत होती. सर म्हणत होते, 'काही व्यापारी' चालणार नाही, कोण व्यापारी ते सांगा. त्या म्हणत होत्या, लोक घाबरतात नाव द्यायला, तुमी गेल्ते का कधी त्यायच्याकडं? मग कळलं, की सर स्वतः तो कबुलीचा मजकूर घेऊन माफी मागायला एसटीनं शहागडला गेले होते. ताईंनी दारातच वाचला. म्हणाल्या, "चहा घ्या. माफी मागू नका, ती माझ्याजवळ न्हाई. माझं पुस्तक करायचंय. टिपा कशा लावतेत ते शिकवा." तेव्हापासून त्या दर आठवड्याला येत होत्या. माफी त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही, निदान माझ्या कानांवर तरी कधी आली नाही. पण सरांना ताप आला तेव्हा दोन आठवडे त्यांच्या उशाशी बसून आपल्या पुस्तकाची मुद्रितं, छपाईआधी तपासायची पानं, त्यांनीच वाचून दाखवली, हे मी पाहिलं आहे.

सर गेल्यावर महिनाभरानं काकूंनी मला आणि कमलताईंना बोलावलं. म्हणाल्या, खोली उघडायला माझा हात धजत न्हाई. आम्ही दार उघडलं. टेबलावर ताईंच्या पुस्तकाची मुद्रितं तशीच होती, वर चष्मा. अर्धी तपासलेली, पुढची कोरी. जिथं सर थांबले होते त्या पानाच्या समासात तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'ताई, हा बैलांचा दलाल कोण? नाव हवं.'

कमलताईंनी ती ओळ वाचली. मग रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, नेहमीच्या भांडखोर आवाजात म्हणाल्या, "महेबूबभाई. शहागडच्या पुलाजवळ ऱ्हातेत. मागल्या खेपेला तुमी हेच म्हणला होता, काल जाऊन इचारून आले, नाव द्या म्हणलेत." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसली? लिही की खाली."

मी सरांच्या खुर्चीत बसले आणि लिहिलं.